हौसाक्काचा धमासा आणि माझं राहिलेलं सांगणं

गुरुजी, धुळाबापू, आणि इथं लिंबाखाली जमलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांनो, आयाबहिणींनो,

मला बोलायला उभं केलंत. वर्गात तासभर न थांबता बोलणारा माणूस मी, आणि आज पहिल्या वाक्यालाच अडलोय. थोडं सांभाळून घ्या.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी सांगलीला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. गाव माझं पलूस. घर उसाचं, पाटाच्या पाण्याचं. हौसाक्का माझ्या नात्यातली नव्हती. पण दर साली दिवाळी झाली की तिची मेंढरं खतासाठी आमच्या रानात बसायला यायची. मेंढरांमागं तिचा लेक धुळा यायचा आणि धुळ्यामागं घोड्यावर संसार लादून हौसाक्का यायची. मी चड्डीत होतो तेव्हापासून ती येत होती. मी मास्तर झालो, डोक्यावर टोपी आली, तरी ती मला लेकरा म्हणायची. माझ्या विद्यार्थ्यांसमोर म्हणायची. मला राग यायचा. आज तसं म्हणणारं कुणी उरलं नाही.

मंडळी, मी इथं तिचे गुण गायला आलेलो नाही. तुम्ही तिच्या वाडीवरची माणसं. तिचे गुण तुम्हाला माझ्याकडून काय कळायचे? मी दुसऱ्या कामासाठी आलोय. एक गोष्ट तिच्या हयातीत बोलायची होती ती मी बोललो नाही. ती आज बोलतो. तुम्हाला राग येईल. यावा. पण शेवटपर्यंत ऐका.

हे समोर बसलेत ते माझे थोरले बंधू. आम्ही त्यांना दादा म्हणतो. फौजेत होते. लढाई संपली आणि दादा घरी आले ते नडगीवर जखम घेऊन. इस्पितळात ती भरली होती, पण घरी आल्यावर पुन्हा चिघळली. मलम झाली, पट्ट्या झाल्या. फौजेत म्हणे एक नवी पिवळी पूड निघालीय, पेनिसिलिन नावाची, ती टोचली की असलं सगळं सुकतं. पण पलूसला ती कुठली मिळायला? दादा ओसरीवर पाय लांब करून बसायचे आणि माश्या वारायचे. एवढा उमदा माणूस, पण कुणाशी बोलेना.

त्या साली हौसाक्का आली. ओसरीवर चढली, जखम बघितली, वास घेतला. हो, वास घेतला. मग म्हणाली, "हाडापातूर गेलं न्हाई. गेलं असतं तर म्या हात लावला नसता, दवाखान्यात धाडलं असतं. ह्ये भरंल."

तिनं कमरेची पिशवी सोडली. त्यात काटेरी काड्या होत्या. सावलीत वाळवलेला धमासा. इथं कुणाला धमासा सांगायला नको. तुमच्या माळावर दगडाला चिकटून पसरतो तो. वैशाखात सगळं करपून जातं तेव्हाही हिरवा राहतो, जांभळट फुलं येतात. तिनं तो दगडावर कुटला, पाण्याचा थेंब लावला नाही, करडईच्या तेलात कालवला आणि पायावर बांधला. तिसऱ्या दिवशी सोडला, परत बांधला. मेंढरं दुसऱ्या रानात जायच्या आत दादांच्या जखमेवर कोवळी कातडी धरली होती. दादा, धोतर जरा वर करा. बघा मंडळी. तो व्रण बघा.

आता मी पडलो रसायनाचा मास्तर. मला वाटलं, यात काय आहे ते शोधून काढायचं. आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत खळीसारखा पदार्थ ओततात आणि त्यावर जखमेत पू करणारे जंतू वाढवतात. मधोमध भोक पाडून त्यात औषधी वनस्पतीचा अर्क घालायचा. अर्कात दम असेल तर जंतू भोकापासून लांब राहतात, भोकाभोवती एक मोकळं कडं दिसतं. दम नसेल तर जंतू काठापर्यंत येऊन बसतात. साधी गोष्ट आहे. लहान पोरालाही समजेल.

मी हौसाक्काला म्हणालो, मला धमासा दे. तिनं पिशवी पुढं केली. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "ह्या वाळक्या काड्या नकोत. ताजा, मुळासकट आणून दे."

ती म्हणाली, "आरं, ह्योच घ्यायचा असतो."

मी म्हणालो, "हौसाक्का, ह्यातलं तुला कळायचं नाही."

धुळाबापू, तू तिथं होतास. तुझ्या आईला मी हे बोललो तेव्हा तू खाली बघत होतास.

धुळानं पुढच्या खेपेला दोन रोपं मुळासकट आणून दिली, मातीच्या गोळ्यात, ओल्या फडक्यात बांधून. मी ती कुठं लावली? आमच्या उसाच्या कडेला, पाटाच्या काठावर. मंडळी, आम्ही पाण्यातली माणसं. आम्हाला एकच कळतं. पीक चांगलं यायचं असेल तर पाणी दे. उसाला देतो, हळदीला देतो, दारातल्या तुळशीला देतो. धमाशालाही दिलं. सकाळी दिलं, संध्याकाळी दिलं. शेणखत घातलं. आणि काय वाढला म्हणता तो. इथं वितीच्या वर उठत नाही, तिथं गुडघ्याला लागला. पानं रुंद झाली, काटे मऊ पडले. शेजारपाजारचे बघायला यायचे. मी छाती काढून सांगायचो, माणदेशातला आहे, आमच्याकडं येऊन कसा बाळसेदार झालाय बघा.

तो बाळसेदार धमासा मी सांगलीला नेला. स्पिरिटात त्याचा अर्क काढला. बशीत घातला. दुसऱ्या दिवशी बघतो तर कडं नाही. जंतू भोकाच्या काठापर्यंत दाट. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच.

मग मला काय करायला हवं होतं? दादांचा पाय माझ्या डोळ्यांसमोर भरलेला होता. एक तर पाय खोटा होता, नाही तर बशी खोटी. मला विचारायला हवं होतं, यात चुकलं काय? पण मी विचारलं नाही. पाय आपोआप भरला असेल, तेलानं भरला असेल, असं मी ठरवून टाकलं. आणि त्या हिवाळ्यात साताऱ्याला आम्हा मास्तर लोकांची बैठक होती, तिथं उभं राहून माझा निबंध वाचला. त्यात मी लिहिलं होतं की धनगर लोक जखमेवर धमासा बांधतात, पण मी तो तपासला आणि त्यात जंतू मारणारं काहीही नाही, हा निव्वळ भाबडा समज आहे. भाबडा समज. हे माझे शब्द. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे आपले वाडीच्या शाळेचे गुरुजी त्या सभेत होते. गुरुजी, तुम्ही इथं येऊन जे ऐकलं ते सांगितलंत. त्यात तुमचा काही दोष नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात.

त्यानंतर इथं काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. कॉलेजातल्या मास्तरनं काचेतनं बघितलंय म्हणे, त्यात काय न्हाई. असं एकानं दुसऱ्याला सांगितलं. मेंढरं कातरताना कातरी लागली तर जी माणसं पळत हौसाक्काकडं यायची ती यायची थांबली. पायात काटा मोडला, कुऱ्हाड लागली, तरी तिच्या दाराला कुणी येईना. कुणी तिला तोंडावर बोललं नाही. तुम्ही भली माणसं. पण तिच्या दारात बसलेला माणूस उठून गेला की तिला कळायचं. धुळाबापू, तूसुद्धा त्या उन्हाळ्यात धमासा गोळा करायला गेला नाहीस. ती एकटी गेली. त्या वयात, त्या उन्हात. मला हे तिनं सांगितलं नाही. तूच सांगितलंस मला, परवा, तिला माती देऊन आल्यावर.

दिवाळीनंतर मेंढरं पलूसला आली. मला वाटलं, आता ही भांडणार. मी उत्तरं जुळवून ठेवली होती. ती आली, पाटाच्या काठाला गेली आणि त्या गुडघाभर धमाशापुढं फतकल मारून बसली. एक शेंडा तोडला. अंगठा आणि बोटाच्या मधे चुरगाळला. बोटं उघडली, मिटली, परत उघडली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू ह्याला पानी पाजलंस व्हय रं?"

मी म्हणालो, "पाजलं की. रोज पाजलं."

ती हसली नाही, रागावली नाही. म्हणाली, "मग तुझ्या बशीचं काय चुकलं न्हाई, लेकरा. आन् माझं बी न्हाई. तुझी सुट्टी लागली की ये माळाला. दावते."

मंडळी, वैशाखात मी आलो. म्हसवडला उतरलो आणि तिच्यामागं माळ चढलो. उन्हानं माझे डोळे फिरायची वेळ आली. ती अनवाणी पुढं चालत होती. ती प्रत्येक झुडपाशी वाकायची, शेंडा चुरगाळायची, बोटं उघडायची आणि पुढं जायची. एक सोडलं, दोन सोडली, ओढ्याच्या अंगाची सगळीच्या सगळी सोडली. मी विचारलं, हे का नको? म्हणाली, "ह्याच्या पायाला वल हाय. ह्ये सुखात हाय. ह्याच्यात काय नसतंय."

मग वरच्या खडकावर एक झुडूप होतं, हाताच्या पंजाएवढं. तिनं शेंडा चुरगाळला आणि माझ्या बोटात दिला. म्हणाली, "आता बोटं उघड." माझी बोटं चिकटली होती. राळेसारखं चिकट. वास उग्र. ती म्हणाली, "लय तहानला का ह्यो चीक धरतो. आसा धरला तरच घ्यायचा. न्हाईतर ऱ्हावू द्यायचा बिचाऱ्याला."

तिची प्रयोगशाळा दोन बोटांत होती आणि मी तिला म्हणालो होतो की तुला यातलं कळायचं नाही.

तो पंजाएवढा धमासा मी रुमालात बांधून सांगलीला नेला. तसाच अर्क काढला. तशीच बशी, तेच जंतू. दुसऱ्या दिवशी उघडली. भोकाभोवती मोकळं कडं होतं. स्वच्छ. ज्वारीच्या दाण्याएवढ्या रुंदीचं. शेजारच्या बशीत माझा पाटाकाठचा धमासा घातला होता, तिथं काही नाही. तीन वेळा केलं, तीनदा तेच. मी त्या दिवशी प्रयोगशाळेत एकटाच होतो. ती बशी हातात घेऊन मी खिडकीपाशी उभा राहिलो आणि मला खूप आनंद झाला. खोटं कशाला सांगू, आनंदच झाला. लाज मागाहून आली.

आता तुम्ही विचाराल, मग ही गोष्ट साताऱ्याला का सांगितली नाही? हाच प्रश्न तिनंही विचारला. पुढच्या दिवाळीनंतर घोड्यावरनं उतरल्या उतरल्या विचारलं. "सांगितलंस का?"

मी म्हणालो, "अजून नाही. आधी त्यातलं नेमकं द्रव्य शोधायचंय." आणि हे खोटं नव्हतं, मंडळी. झाडाच्या अर्कात एक गोष्ट नसते, पुष्कळ असतात. टॅनिन असतं, त्यानं जीभ आखडते. सॅपोनिन असतं, त्याचा फेस होतो. राळ असते. मी टॅनिन काढून टाकून बघितलं, कडं बारीक झालं पण गेलं नाही. राळ वेगळी केली, कडं दिसलं, पण सबंध धमाशाइतकं नाही. म्हणजे जोर एकट्या राळेत नाही, आणखी कशाकशात आहे. कशात ते मला आजही ठाऊक नाही. हे सगळं खरं आहे. पण जे मला समजलं होतं तेवढं सांगायला ही अडचण नव्हती. अडचण वेगळी होती. साताऱ्याला ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यापुढं उभं राहून मी झाडाला पाणी घालून बसलो हे सांगायचं होतं. ते माझ्याच्यानं होईना.

त्याच्या पुढच्या साली तिनं पुन्हा विचारलं. "सांगितलंस का?"

मी म्हणालो, "नाव लागायचंय अजून, हौसाक्का."

ती म्हणाली, "नाव लागंल तवा लागंल. त्यात हाय, येवढं तर सांग."

मी म्हणालो, सांगतो. सांगतो म्हणालो आणि पाठ फिरवली. यंदा मेंढरं आली ती नुसती धुळ्यामागं आली. हौसाक्काला ताप होता, ती घरी राहिली होती. मी निरोप पाठवला की सुट्टी लागली की येतो. सुट्टी लागली, आलो. माती द्यायला आलो.

बाई मनात राग धरून गेली नाही. तेही मला सलतंय. रागावली असती तर मी कधीच साताऱ्याला गेलो असतो.

म्हणून आज जे बोलायचं ते बोलतो. मोठ्यानं बोलतो, मागच्यांना ऐकू जाऊ दे.

मी हौसाक्काचा धमासा तपासला होता आणि त्यात काही नाही असं साताऱ्याला सांगितलं होतं. ते चूक होतं. मी तपासला तो तिचा धमासा नव्हताच. मी पाण्यावर वाढवलेलं झाड तपासलं. माळावरच्या, खडकावरच्या, तहानलेल्या धमाशात जखमेतले जंतू हटवणारं द्रव्य आहे. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्याचं नाव मला ठाऊक नाही. तो सगळ्या दुखण्यांवर चालतो असं मी म्हणत नाही, आणि तीही म्हणत नव्हती. हाडापर्यंत गेलेली जखम असेल तर दवाखान्यात जा, हे तिचंच सांगणं. पण ती खरं बोलत होती आणि चूक माझी होती.

हेच मी या कागदावर लिहिलंय. माझ्या सहीनं. पुढची बैठक साताऱ्याला त्याच जागी आहे, तिथं मी हे वाचणार आहे. माझ्या शब्दावर तुम्ही भरवसा ठेवावा असं मी काही करून ठेवलेलं नाही. म्हणून हा कागद आत्ताच गुरुजींच्या हातात देतो. गुरुजी, पहिल्या वेळी तुम्ही तिथं होतात. या वेळीही चला. मी कचरलो तर तुम्ही वाचा. धुळाबापू, तूही चल. येताना तुझ्या आईची पिशवी घेऊन ये. ती टेबलावर ठेवून मी बोलेन.

आणि बापू, या उन्हाळ्यात माळावर जा. आईनं शिकवलं तसा बोटाला चिकटणारा तेवढाच आण. तिच्या दाराला पुन्हा माणसं येऊ देत.

अजून एक. मगाशी सभा सुरू व्हायच्या आधी तुम्ही शाळेच्या दारात, तिच्या आठवणीसाठी म्हणून, धमाशाचं रोप लावलंत. फार चांगलं केलंत. आणि गुरुजींनी हा तांब्या भरून माझ्या हातात दिला. म्हणाले, पहिलं पाणी सांगलीच्या पाहुण्यांनी घालावं. मंडळी, मी केव्हापासून हा तांब्या धरून उभा आहे. मानानं दिलात, समजतं मला. पण हे पाणी मी त्या रोपाला घालणार नाही. तुम्हीही घालू नका. जगलं तर जगू दे, नाहीतर माळावर बियाणं पुष्कळ आहे. मास्तर झालेल्या माणसानं एकदा जी चूक केली ती तिच्याच नावाच्या झाडावर पुन्हा नको.

हा तांब्या मागं भिंतीकडं बसलेल्या आज्जींकडं पोचवा. उन्हातनं चालत आल्यात. पाणी त्यांना हवंय.

आता सगळे उभे राहूया. टाळ नको, घोष नको. तिला गडबड आवडत नव्हती. शेंडा चुरगाळून बोटं उघडेपर्यंत ती जेवढी गप्प राहायची, तेवढं गप्प राहूया.

...

बसा मंडळी.

हौसाक्का, तू दर साली विचारायचीस.

सांगितलं गं. उशीर केला, पण सांगितलं.